पोटगी, लॉकर, रेशनकार्ड : रातोरात घर सोडावं लागलेल्या आईसाठी

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात : वय ३६, लग्नाला अकरा वर्षं. पिंपरी-चिंचवडमध्ये फ्लॅट. नवरा कंपनीत सुपरवायझर, पगार चांगला. मारहाण अधूनमधून होतच होती. दोन महिन्यांपूर्वी एका रात्री ती मुलांसमोर झाली, आणि नऊ वर्षांची मुलगी व चार वर्षांचा मुलगा यांना घेऊन ताई नेसत्या कपड्यांनिशी कराडजवळ माहेरी आल्या. एटीएम कार्ड तिकडेच राहिलं. जॉइंट खात्यातली शिल्लक नवऱ्याने काढून घेतली. फ्लॅटच्या कर्जावर दोघांच्या सह्या आहेत, दागिने दोघांच्या नावच्या लॉकरमध्ये आहेत. लग्नाआधी ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. माहेरी आई, वडिलांची पेन्शन, भाऊ आणि वहिनी. त्या लिहितात : "त्याचा एक रुपयाही नको वाटतो. आई म्हणते, केस केलीस तर परतीची वाट बंद होईल. सरकारी योजनेच्या रांगेत उभं राहायची लाज वाटते, आम्ही कधी कुणाकडे मागितलेलं नाही. तसं बघितलं तर घर, पैसा सगळं त्याचंच. मुलीची शाळा तिकडे आणि ती इथे घरात बसून आहे. कुठून सुरुवात करू?"

ताई,

दोन महिने झाले तरी रात्री झोप लागत नाही आणि साधा फॉर्म भरायला घेतला तरी हात थबकतो, असंही तुम्ही लिहिलंय. एवढा मार आणि एवढी भीती सोसलेल्या माणसाचं असं होतंच. म्हणून सगळी कामं एका आठवड्यात उरकायची नाहीत. रोज एकच काम, तेही सकाळी, डोकं ताजं असताना आणि सोबत कुणीतरी असताना. झोपेचं फार झालं तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. नवरा दारात येऊन धमकावू लागला तर ११२, आणि महिलांसाठीची हेल्पलाइन १८१. हे दोन्ही नंबर आई आणि वहिनीच्याही फोनमध्ये घालून ठेवा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रात दोन निर्णय एकमेकांत गुंतलेत. एक, या माणसाबरोबर पुढे राहायचं की नाही. दुसरा, मुलांचं दूध, औषध, फी आणि कर्जाचा हप्ता कुठून भागवायचा. पहिल्याला सहा महिने लागू देत, वर्ष लागू दे. त्यासाठी तुमच्यावर कुणीही घाई लादू नये, मीसुद्धा. दुसऱ्याला मात्र तारखा आहेत, आणि पहिला निर्णय होत नाही म्हणून तुम्ही दुसराही अडवून धरलाय. नुकसान तिथे होतंय.

आईंचं म्हणणं मला समजतं. त्यांच्या वेळी कोर्टाची पायरी चढणं म्हणजे सगळं संपणं होतं. पण पोटगीचा अर्ज म्हणजे घटस्फोटाचा अर्ज नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ सालचा आहे, आणि त्याखाली संरक्षण, मुलांचा ताबा, दरमहा खर्च हे सगळं लग्न कायम असताना मागता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं बायको-मुलांच्या पोटगीचं कलम १४४ (पूर्वी ज्याला सगळे 'एकशे पंचवीस' म्हणायचे ते), त्याचाही घटस्फोटाशी संबंध नाही. उद्या तुम्ही परत गेलात तर अर्ज मागे घेता येतो. आणि थोडं कडक वाटेल, पण बोलते : मुलांच्या जेवणाचा खर्च मागितल्यामुळे जी वाट बंद होणार असेल, तिच्या भरवशावर दोन मुलांना घेऊन परत कसं जायचं, हा प्रश्न आईंनीही स्वतःला विचारायला हवा.

थांबण्याची किंमत काय, तेही बघा. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात स्पष्ट केलं की पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यायची. निकाल वर्षाने लागला तरी हिशोब त्या तारखेपासून. म्हणजे अर्ज न करता गेलेला प्रत्येक महिना मुलांच्या खात्यातून गेला. ते पैसे मागाहून मिळवणं फार अवघड.

"त्याचा एक रुपयाही नको." हे वाक्य अनेक बायकांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यामागचा संताप खरा असतो. पण तो रुपया तुमच्यापेक्षा मुलांचा आहे. बापाच्या पगारावर त्यांचा हक्क आहे, आणि तुमच्या स्वाभिमानासाठी तो सोडून द्यायचा अधिकार तुम्हालाही नाही. 'सगळं त्याचंच' हेही मला पटत नाही. अकरा वर्षं तुम्ही घर सांभाळलंत, मुलं सांभाळलीत, स्वतःची नोकरी सोडलीत, म्हणून तो निर्धास्त शिफ्टला जाऊ शकला. याच निकालपत्रात न्यायालयाने म्हटलंय की बाईने संसारासाठी नोकरी सोडली असेल तर पोटगी ठरवताना ते लक्षात घ्यायचं.

अर्ज कुठे करायचा? पुण्याला खेपा घालायची गरज नाही. हिंसाचार कायद्याखाली, बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. म्हणजे कराडलाच. आधी तालुका विधी सेवा समितीत जा. ती कोर्टाच्या आवारातच असते. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अनेक जणींना वाटतं की नवऱ्याचा पगार मोठा, म्हणजे आपण 'गरीब' या व्याख्येत बसत नाही. तसं काही नाही. १५१०० या नंबरवरही विचारता येतं. दुसरा माणूस म्हणजे संरक्षण अधिकारी. तो महिला व बालविकास खात्याचा असतो आणि घडलेल्या घटनांचा अहवाल तयार करून कोर्टात देतो. त्या रात्रीचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी, 'परत ये, नाहीतर एक पैसा मिळणार नाही' असे मेसेज, सगळं जपा. मेसेज फोनमध्ये राहू द्याच, शिवाय त्यांचे स्क्रीनशॉट बहिणीला किंवा मैत्रिणीला पाठवून ठेवा.

अर्जात काय मागायचं हे वकील सांगतील, पण तीन गोष्टी तुम्ही स्वतःहून काढा. पहिली, अंतरिम पोटगी. मुख्य निकालाची वाट न बघता मिळणारी. कलम १४४ खाली नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो, म्हणूनच अर्ज लवकर हवा. दुसरी, नवऱ्याने कोर्टाच्या परवानगीशिवाय लॉकर, खाती आणि फ्लॅट यांना हात लावू नये असा आदेश. हिंसाचार कायद्याच्या कलम १८ मध्ये त्याची सोय आहे. तिसरी, पैसे देण्यात त्याने टाळाटाळ केली तर कंपनीने पगारातून परस्पर तुम्हाला द्यावेत असा आदेश, कलम २० खाली. नोकरदार नवऱ्याच्या बाबतीत ही तरतूद फार उपयोगी पडते.

पोटगीच्या अर्जात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिथे अनेक जणी गडबडतात. 'महिन्याला साधारण पंधरा हजार' असं मोघम लिहिलं की समोरचा वकील विचारतो, कसले? म्हणून आजपासून एक दोनशे पानी वही घाला. तारीख, वस्तू, रक्कम. दूध अर्धा लिटर. मुलाच्या तापाचं औषध, बिल चिकटवलेलं. एसटीचं तिकीट. वहिनीने आणलेला किराणा, त्यातला तुमचा भाग. मुलीची वह्या-पुस्तकं, सॅनिटरी पॅड, रिचार्ज, चपला. बायका स्वतःवरचा खर्च लिहीतच नाहीत, तो लिहा. भावाने दिलेले पैसे शक्यतो खात्यावर घ्या आणि वहीत 'दादाकडून उसने' म्हणून नोंदवा. दोन महिन्यांची अशी वही मोघम आकड्यापेक्षा कितीतरी भक्कम ठरते.

आता बँक. पहिलं काम, फक्त तुमच्या नावाचं खातं. पोस्टात उघडलं तरी चालेल. पण त्याआधी एक तपासा : तुमच्या फोनमधलं सिम कुणाच्या नावावर आहे, आणि आधारला कुठला नंबर जोडलाय? तो नंबर नवऱ्याचा असेल तर तुमचा प्रत्येक ओटीपी त्याच्या हातात आहे. स्वतःच्या नावाचं सिम घ्या, आधार केंद्रात जाऊन नंबर बदला, मगच खातं उघडा. फोनवरचं लोकेशन शेअरिंग बंद करा, ईमेलचा पासवर्ड बदला. आणि बँकेत विचारा की तुमचं आधार सरकारी पैशांसाठी कुठल्या खात्याला जोडलंय. योजनांचा पैसा आधार जिथे जोडलंय त्या खात्यात जातो. ते जॉइंट खातंच असेल तर मंजुरी तुमच्या नावाने आणि रक्कम त्याच्या एटीएममधून, असं होईल.

जॉइंट खात्याच्या बँकेला लेखी पत्र द्या की आमच्यात वाद आहे, यापुढे दोघांच्या सहीशिवाय व्यवहार करू नये. प्रतीवर पोच घ्या. गेल्या वर्षाचं स्टेटमेंट काढून घ्या. खातेदार म्हणून तो तुमचा हक्क आहे, आणि त्याने शिल्लक कधी काढली याचा पुरावाही तोच.

लॉकरचं जरा सविस्तर सांगते, कारण घाईत चूक इथेच होते. माहेरचे दागिने, लग्नात सासरकडून तुम्हाला मिळालेले दागिने, ओटीतली भेट हे सगळं स्त्रीधन. त्यावर मालकी तुमचीच. लॉकर दोघांपैकी कुणालाही एकट्याने उघडता येत असेल आणि किल्ली तुमच्याकडे असेल, तर जाऊन आणा. मात्र आधी घरी बसून यादी करा. लग्नाचे फोटो समोर ठेवून, कुठला दागिना कुणी दिला, पावती आहे का. भावाला बरोबर घ्या. बँक प्रत्येक वेळची तारीख, वेळ आणि सही नोंदवते आणि खातेदारांना मेसेजही पाठवते, म्हणजे नवऱ्याला त्याच दिवशी कळणार. म्हणून फक्त तुमचं आहे तेच काढा, त्याच्या आईच्या पाटल्या असतील तर तिथेच राहू द्या. बाहेर आल्याबरोबर फोटो आणि यादी वकिलांकडे. किल्ली त्याच्याकडे असेल तर मात्र वाद घालायला जाऊ नका, कोर्टाचा आदेश मागा. आणि ते सोनं मोडायची घाई करू नका. सोनेतारण कर्जसुद्धा लगेच नको.

फ्लॅटच्या कर्जावर तुमची सही आहे, म्हणजे त्याने हप्ता बुडवला तर बँक तुमच्याकडेही येणार आणि तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, पडणार. बँकेला पत्राने नवा पत्ता आणि नंबर कळवा, हप्ता थकल्यास आपल्यालाही कळवावं असं लिहा, आणि आपल्या सहीशिवाय वाढीव कर्ज देऊ नये हेही लिहा. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो; तो काढला की तुमच्या नावावर आणखी काही कर्ज आहे का तेही कळेल. सर्वांत महत्त्वाचं, फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, बघा. कर्जावर नाव असणं वेगळं आणि मालकीत नाव असणं वेगळं. मालकीत नाव नसलं तरी ते तुमचं सामायिक घर आहे, तिथे राहण्याचा किंवा पर्यायी घरभाड्याचा हक्क हिंसाचार कायदा देतो.

नवऱ्याच्या कंपनीचा मेडिक्लेम असेल तर त्याचं कार्ड शोधून ठेवा. लग्न कायम असेपर्यंत आणि त्याने तुमची नावं काढली नसतील तर तो तुम्हाला आणि मुलांना चालतो.

आता ज्याची लाज वाटते ते. सरकारी योजना ही भीक नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे, तरी रांगेत ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असते. पण तुमच्या परिस्थितीत खरी उपयोगी योजना तुम्हाला बहुधा कुणी सांगितलीच नसेल : क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एका पालकाकडे राहणाऱ्या मुलांना, त्यात आई-वडील विभक्त झालेल्या मुलांनाही, दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. दोघांचे ४,५००. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा, म्हणजे तुमच्यासाठी साताऱ्याला. गृहचौकशी होते आणि बालकल्याण समितीसमोर मुलांना न्यावं लागतं. पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं धरून बजेट आखू नका. आले की मुलांच्या नावाने बाजूला ठेवा.

लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये परित्यक्ता महिलांनाही आहेत, पण कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात कुणी आयकर भरणारं नको. तुमचं नाव कागदोपत्री नवऱ्याच्या कुटुंबात असेतोवर अर्ज तिथेच अडकेल. नोंदणी सध्या सुरू आहे का ते अंगणवाडीत विचारा. संजय गांधी निराधार योजनाही परित्यक्तांना आहे, पण तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार. नोकरी लागल्यावर तुम्ही त्यात बसणार नाही, आणि दोन्हींचे पैसे एकाच वेळी मिळत नाहीत. एजंट 'दोन्ही करून देतो' म्हणाला तर त्याला आधारची प्रतही देऊ नका.

या सगळ्यांच्या मुळाशी रेशनकार्ड आहे. जुन्या कार्डातून तुमचं आणि मुलांचं नाव कमी करून तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतून वेगळं कार्ड करून घ्या. नवऱ्याने संमती द्यायची वाट बघू नका. कोर्टातल्या अर्जाची प्रत, पोलिसांकडची नोंद आणि स्वतःचं प्रतिज्ञापत्र घेऊन जा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, तिथेही हेच कार्ड विचारतात. म्हणजे कोर्टातला अर्ज फक्त पोटगीसाठी नाही, वेगळं राहत असल्याचा पहिला अधिकृत कागदही तोच.

मुलीच्या शाळेला मात्र एक दिवसही थांबू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा 'आधीच्या शाळेचा दाखला आणा, मग बघू' असं म्हणून प्रवेश रोखू शकत नाही. दाखला मागून येऊ शकतो. तिची जुनी शाळा इंग्रजी माध्यमाची होती, इथली मराठी, म्हणून तुम्ही कचरताय. पण दोन महिने घरात मोठ्यांचं बोलणं ऐकत बसण्यापेक्षा वर्गात जाणं तिच्यासाठी हजारपटीने बरं. माध्यमाचा विचार जूनमध्ये करता येईल. धाकट्याला अंगणवाडीत घाला. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा हिंदू कायद्यानुसार सर्वसाधारणपणे आईकडेच असतो, त्यामुळे 'पोराला घेऊन जाईन' या धमकीने लगेच खचू नका. मात्र अंगणवाडी सेविका आणि शाळेच्या बाई, दोघींना सांगून ठेवा की मुलांना तुमच्या घरच्यांखेरीज कुणाच्याही ताब्यात द्यायचं नाही.

नोकरी. 'कमवायला लागलीस तर पोटगी मिळणार नाही' असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. खरं नाही. कमावती बाईही पोटगी मागू शकते. तिच्या कमाईत मुलांचं पूर्वीच्या राहणीप्रमाणे भागतं का, हे कोर्ट बघतं. तुमच्या हातात डीएमएलटीचं, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचं, प्रमाणपत्र आहे. कराडमध्ये दवाखाने आणि लॅब भरपूर आहेत. सुरुवातीचा पगार कमी असेल, दहा वर्षांत मशिनं बदलली असतील, तरी जा. सकाळच्या पाळीत रक्त घ्यायचं काम मिळालं तर मुलगी शाळेतून यायच्या आत तुम्ही घरी. पगार मिळाला तर तो प्रतिज्ञापत्रात खरा लिहा. लपवलेला पगार सापडला की तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

काही कागदांपासून मात्र लांब राहा. नातेवाइकांची बैठक बसेल, कुणीतरी स्टॅम्पपेपर आणेल, 'नोटरीकडे फारकत करून टाकू, एकरकमी घे आणि मोकळी हो' म्हणेल. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न नोटरीच्या शिक्क्याने मोडत नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटालाही किमान एक वर्ष वेगळं राहणं लागतं आणि तो कोर्टातच होतो. 'मुलांचा खर्च कधीच मागणार नाही' असं तुमच्याकडून लिहून घेतलं तरी मुलांचा हक्क त्याने संपत नाही, पण तो कागद पुढे तुमच्याविरुद्ध वर्षभर फिरवला जाईल.

आणि शेवटी माहेरचं. भावाने ठेवून घेतलं म्हणून तुम्ही दबून राहताय, वहिनीच्या कपाळावरची आठी मोजताय, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. एकदा दोघांशी समोर बसून बोला : साधारण किती दिवस राहणार, किराण्यात किती देणार, स्वयंपाक आणि मुलं कोण कधी बघणार. असं बोलणं टाळलं की मनं तिथेच कडू होतात. पण एक ध्यानात ठेवा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, २००५ च्या दुरुस्तीपासून. तो आत्ता मागा असं मी मुळीच म्हणत नाही. मात्र या उपकाराच्या ओझ्याखाली कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं, अगदी प्रेमाने केलं, तरी त्या दिवशी सही करू नका. 'वकिलांना दाखवते आणि सांगते' एवढंच म्हणा आणि कागदाची झेरॉक्स मागून घ्या.